फॉन्टकाका

पुस्तक विकत घेताना माणसं काय काय पाहतात! कुणी किंमत पाहतं, कुणी मलपृष्ठावरचा मजकूर, कुणी अर्पणपत्रिका वाचून लेखकाचं घरी कितपत पटतं याचा अंदाज बांधतं. आमच्या नेरूळच्या सोसायटीतले फॉन्टकाका पुस्तक मधोमध उघडतात, हात लांब करतात, डोळे अर्धवट मिटतात आणि पानाकडे नुसते बघत राहतात. वाचत नाहीत. पान सगळीकडून एकसारखं करडं दिसलं पाहिजे, असा त्यांचा नियम आहे. मध्येच काळे डाग दिसले किंवा शब्दांच्या अधेमधे पांढरी भगदाडं पडली, की पुस्तक मिटून जागेवर. वाशीला एका पुस्तक-प्रदर्शनात विक्रेत्याने त्यांना मोठ्या आदबीने विचारलं, "काका, कादंबरी आवडली का?" काका म्हणाले, "लेडिंग कमी आहे." लेडिंग म्हणजे दोन ओळींमधली मोकळी जागा, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? तो बराच वेळ यादीत लेडिंग नावाचा लेखक शोधत होता.

फॉन्टकाका हे नाव सोसायटीतल्या पोरांनी ठेवलेलं. काकांना ते मुळीच पसंत नाही. "फॉन्ट काय फॉन्ट? टाइप म्हणा. नाहीतर सरळ खिळे म्हणा." पण खिळेकाका म्हटलं तर लोक त्यांच्याकडे बिजागऱ्या मागायला येतील, म्हणून फॉन्टकाकाच राहिलं.

काका गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी म्हणून लागले आणि मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झाले. सिडकोने नेरूळला घरं बांधली तेव्हा चाळीतल्या दोन खोल्या सोडून इकडे आले. खाडी ओलांडून रेल्वे वाशीपर्यंत आली 1992 साली. तोवर काका बसने गिरगाव गाठायचे आणि बसच्या तिकिटावरचे आकडे कसे उडालेत, हे कंडक्टरला समजावून सांगायचे. खिळे जुळवणाऱ्याला हातातल्या स्टिकमधली, म्हणजे खिळे रचायच्या पट्टीतली, ओळ उलटी वाचावी लागते, कारण शिशाचं अक्षर आरशातल्यासारखं असतं आणि ओळ डोक्यावर उभी असते. त्यामुळे काकांना सरळ, उलटं, पालथं, सगळं सारखंच. लोकलमध्ये समोरच्याच्या हातातला पेपर ते आपल्या बाजूने उलटा वाचतात आणि जुईनगर येईपर्यंत त्याला सांगतात, "तिसऱ्या कॉलमात खाली रफार एक घर पुढे सरकलाय." समोरचा माणूस पेपराची घडी घालतो आणि सानपाड्याला डबा बदलतो. रुग्णवाहिकेच्या तोंडावर उलटी अक्षरं लिहितात ती पुढच्या गाडीच्या आरशासाठी. आरशाशिवाय ती सरळ वाचणारा नवी मुंबईतला बहुधा हा एकच माणूस.

घरी काकांचा शेवेचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. पाहुण्यांना वाटतं, आता शेव येणार. काका झाकण काढतात आणि आत शिशाचे खिळे निघतात. त्यातला एक ते तुमच्या हातावर ठेवतात. बोटाच्या पेराएवढी उंची, आकाराच्या मानाने वजन भलतंच. "अंगठा फिरव. खाच लागली?" खिळ्याच्या अंगाला खरोखरच एक बारीक खाच असते. जुळारी खिळ्याच्या तोंडाकडे बघत नाही. अंगठ्याला खाच लागली की अक्षर कुठल्या बाजूने उभं करायचं ते कळतं. डोळे हस्तलिखितावर, हात खिळ्यांच्या पेटीतल्या घरांवर. मराठीची ही पेटी, म्हणजे केस, इंग्रजीसारखी आटोपशीर नसते. जोडाक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या, उकार धरून शेकडो घरं, आणि कुठल्या घरात काय आहे ते पाठ. लोकमान्य टिळकांनी सुद्धा मराठीचे खिळे कमी कसे करता येतील यावर डोकं खपवलं होतं, ही गोष्ट काका अशा सुरात सांगतात, की स्वराज्याची चळवळ ही टिळकांची फावल्या वेळातली भानगड असावी.

डब्यात सगळ्यांत खाली फडक्यात गुंडाळलेले काही खिळे आहेत. ते निर्णयसागरी. हे काढताना काका आधी हात धुतात.

निर्णयसागर म्हटलं की काका उठून उभे राहतात, आणि इथे मला त्यांची चेष्टा करवत नाही. जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म 1839 चा. शिक्षण बेताचं. पोरवयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागले. तिथे टॉमस ग्रॅहॅम नावाचे गृहस्थ मराठी खिळे घडवत. त्यांच्या हाताखाली जावजींनी ही विद्या उचलली, 1864 मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना. रणोजी रावजी आरू हे त्यांचे कारागीर. पोलादाच्या कांडीच्या टोकावर, जेवढं छापायचं तेवढ्याच आकाराचं अक्षर, तेही उलटं, हाताने कोरायचं. तो ठसा तांब्यात ठोकायचा आणि त्या साच्यात शिसं ओतायचं. पडद्यावर मोठं करून पाहायची सोय नाही. जावजी 1892 मध्ये गेले. त्यांच्या अक्षरांनी पुढची कितीतरी दशकं मराठी आणि संस्कृत पुस्तकं छापली. काव्यमाला या ग्रंथमालेतली संस्कृत काव्यं त्यातलीच. काळबादेवीच्या कोलभाट गल्लीतून निघालेलं हे अक्षर देशभर गेलं. पंचांग तर अजून निघतं. काका ते दरवर्षी घेतात. मुहूर्त बघत नाहीत.

या माणसाने वाचलंय किती, हा मला बरेच दिवस पडलेला प्रश्न. म्हणजे पानं लाखो वाचली, पण गोष्टी? एका गाजलेल्या कादंबरीचं नाव काढलं तर म्हणाले, "पायका, अखंड खिळा, कागद उत्तम." मी विचारलं, शेवट कसा वाटला? "वाईट. शेवटच्या पानावर तीनच ओळी आल्या. मागच्या पानातून दोन ओढून आणायला काय झालं होतं?" नायिकेने विहिरीत जीव दिला होता, ते त्यांच्या लक्षात नव्हतं.

काकूंचं मत वेगळं आहे, आणि त्याला पुरावा आहे. लग्नाची पत्रिका काकांनी स्वतःच्या हाताने जुळवली होती. निर्णयसागरी अक्षर, भोवती वेलबुट्टी, तीनदा प्रूफ. काकू ती पत्रिका कपाटात पासबुकाखाली ठेवतात. "बघा, एवढी देखणी पत्रिका आमच्या अख्ख्या आळीत आली नव्हती. आणि चूक एकच. माझ्या वडिलांच्या नावात." काका त्याला मुद्राराक्षस म्हणतात. काकूंच्या माहेरी दुसराच शब्द वापरतात. घरात वाद चिघळला की काकू काही बोलत नाहीत, फक्त कपाटाकडे जातात.

तरी काका सुधारले नाहीत. एका ओळखीच्या मुलीच्या लग्नाला गेले ते आलेल्या पत्रिकेवर लाल पेनाने प्रूफ तपासून. हॉलच्या दारात मुलीच्या बापाच्या हातात आहेराच्या पाकिटासोबत ती ठेवली आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला काळजी घ्या." त्या गृहस्थांना दुसरी मुलगी नव्हती.

नवी मुंबईत काकांना करमतही नाही आणि कंटाळाही येत नाही, कारण रस्तोरस्ती प्रूफं टांगलेली. 2022 मध्ये कायदा बदलला आणि दुकानांवर मराठी पाटी आली. मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको, असंही ठरलं. सगळ्यांना आनंद झाला. काका म्हणाले, "आकार कायद्याने मिळाला. रूप कोण देणार?" पाटी रंगवणारा हाताने काढायचा तेव्हा वळण वेडंवाकडं असलं तरी त्याचं स्वतःचं होतं. आता संगणकावर पहिला दिसेल तो फॉन्ट घ्यायचा, जागा कमी पडली तर दोन्ही बाजूंनी दाबायचा. कोपरखैरण्याच्या एका दुकानाच्या पाटीवर 'ख'चा पाय जुळला नव्हता, तिथे काका दोन मिनिटं उभे राहिले आणि दुकानदाराला म्हणाले, "कोपररवैरणे नावाचं गाव कुठे आलं?" त्याने हात करून रस्ता दाखवला, "पुढे विचारा, मी इकडे नवीन आहे."

'ल' आणि 'श' हा तर अगदी नाजूक विषय. 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयाने मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरावा असं ठरवलं. काकांनी त्याची प्रत लॅमिनेट करून घेतली आहे आणि ते ती पिशवीत बाळगतात. भाजीवाल्याच्या पाटीवर हिंदी वळणाचा 'श' दिसला की प्रत बाहेर येते. भाजीवाला शांतपणे म्हणतो, "काका, शेपूची जुडी वीस रुपये," आणि विषय संपतो.

एवढं सगळं सोसून मी काकांच्या बाजूचा आहे, हेही सांगून टाकतो. माणूस त्रासदायक आहे, पण त्याचं म्हणणं खोटं नाही. पाटी क्षणात वाचून होते, तिथे कुठलंही अक्षर चालून जातं. तीनशे पानं वाचायची तर अक्षराने आपल्या वाटेतून बाजूला व्हायला हवं. काकांचा नातू ऐरोलीला एका कंपनीत संगणकाच्या पडद्यांची रचना करतो. तो एकदा म्हणाला, "आजोबा, लांब वाचनाला सेरिफ लागतो. टाइम्स न्यू रोमन, जॉर्जिया. मराठीत सेरिफच नाही."

"सेरिफ म्हणजे ती इंग्रजी अक्षरांच्या टोकांना पावलं असतात तीच ना? आपल्याला ती कशाला हवीत? आपल्याकडे शिरोरेघ आहे."

मग काकांनी त्याला जे सांगितलं ते मी तिथे बसून ऐकलं. मराठी अक्षर बोरूतून आलं. बोरूची जीभ तिरकी कापलेली, म्हणून रेघ एका दिशेला जाड पडते आणि दुसऱ्या दिशेला बारीक. हा जाड-बारीकपणा नटवण्यासाठी नाही. त्यानेच एक अक्षर दुसऱ्यापासून वेगळं ओळखू येतं. शिरोरेघ ही कपडे वाळत घालायची दोरी. अक्षरं तिला टांगलेली, आणि डोळा त्या दोरीवरून चालतो. वर रफार, मात्रा, अनुस्वार. खाली उकार, पाय मोडलेली अक्षरं. इंग्रजीला दोन ओळींत जेवढी जागा पुरते तेवढ्यात मराठी कोंबली, की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे अक्षराच्या पोटात उजेड हवा. 'ब'च्या पोटातली रेघ बुजली की तो 'व' होतो, 'ष' बुजला की 'प', 'घ'ची शिरोरेघ जरा तुटली की 'ध'.

शेवटच्या मुद्द्याला त्यांच्यापाशी ताजं उदाहरण होतं. आमच्या नोटीस बोर्डावर दोन महिने ठळक अक्षरांत सूचना होती: ओला व सुका धनकचरा वेगवेगळ्या डब्यांत ठेवावा. काळं धन म्हणतात ते यातलं नेमकं कुठल्या डब्यात, असं तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी लेखी विचारलं होतं.

नातू म्हणाला, "पण मंगल फॉन्ट आहे ना!" काका मंगलबद्दल वावगं ऐकून घेत नाहीत आणि चांगलंही बोलत नाहीत. तो टाइप र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी केला, आणि जोशी म्हणजे कवी, सुलेखनकार, आयआयटीत शिकवलेला माणूस. पुढे सी-डॅक या संगणक-संस्थेत विलीन झालेल्या एनसीएसटीत त्यांनी 'रघु' हा टाइप केला. त्या सी-डॅकचं एक केंद्र खारघर स्टेशनसमोर आहे. तिथून जाताना काका लोकलच्या खिडकीतून नमस्कार करतात आणि शेजारचे प्रवासी देऊळ शोधतात. "मंगल पडद्यासाठी केला रे. विंडोज 2000 च्या काळातले पडदे आठव. त्या ठिपक्यांत अक्षर उभं राहिलं हीच कमाल. आता त्यात कुणी बापाचं चरित्र छापायला लागलं तर जोशींचा काय दोष?"

मग नातवाने एके रविवारी इंटरनेटवरून काहीतरी उतरवून घेतलं आणि एक पान छापून आजोबांपुढे ठेवलं. काकांनी हात लांब केला, डोळे अर्धवट मिटले. मग उघडले. मग भिंग मागितलं.

"हे कुठून आणलंस?"

"कॅनडाहून. फुकट आहे."

टिरो देवनागरी मराठी त्याचं नाव. हार्वर्ड विद्यापीठाचं मुद्रणालय 2015 पासून मूर्ती क्लासिकल लायब्ररीची पुस्तकं काढतं, मूळ भारतीय लिपी एका पानावर, इंग्रजी भाषांतर समोर. तिच्यासाठी फिओना रॉस आणि कॅनडातल्या टिरो टाइपवर्क्सचे जॉन हडसन यांनी देवनागरी घडवली, तीही जुन्या निर्णयसागरी वळणावर. त्या घराण्यातला हा मराठीसाठीचा वेगळा टाइप. ल पाकळीचा, श देठाचा. रॉसबाई इंग्लंडच्या, हडसन कॅनडाचे, आणि अक्षर कोलभाट गल्लीचं.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी नातवाकडून राष्ट्र, शुद्ध, वाङ्मय, ब्राह्मण, दर्या आणि दऱ्या असे शब्द छापून घेतले. एकेका जोडाक्षरावर भिंग फिरवलं. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "माझ्या वडिलांचं नाव घालून बघा." काकांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकलं. शेवटी निकाल लागला: "बरा आहे. 'ळ' जरा अंग चोरतो." काकांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही. फुकट आहे यावर मात्र त्यांचा आजही विश्वास नाही. महिनाभर ते टपालात बिलाची वाट बघत होते.

यानंतर जे झालं त्याला जबाबदार आमचे सेक्रेटरी. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि अहवाल छापायची कटकट असते. काकांच्या तक्रारींना कंटाळून ते म्हणाले, "काका, यंदा अहवाल तुम्हीच करा. तुमच्या त्या कॅनडाच्या अक्षरात."

काका आठवडाभर नातवाच्या मागे खुर्ची टाकून बसले. चौदा पॉइंट अक्षर, ओळींत ऐसपैस जागा, समास भरपूर, आकडे एकाखाली एक. आधीचा अहवाल चार पानांत कोंबलेला असायचा, हा अकरा पानांचा झाला. कागदाचा खर्च वाढला म्हणून खजिनदार कुरकुरले. पण वस्तू झाली देखणी. पंच्याऐंशी वर्षांच्या आजी चष्मा न शोधता वाचू लागल्या. लोक बाकावर बसून वाचू लागले. वॉचमनने वाचला. काही लोकांनी तर दोनदा वाचला.

आणि तिथेच घोटाळा झाला. आमच्या सोसायटीचा अहवाल इतक्या वर्षांत कुणी पहिल्या पानापलीकडे वाचला नव्हता. यंदा सातव्या पानापर्यंत माणसं पोचली, आणि सातव्या पानावर 'संकीर्ण खर्च' होता. त्याच्याखाली गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे पैसे एका वर्षात दोनदा दिलेले, आकडे एकाखाली एक असल्याने शाळकरी पोरालाही दिसतील असे. नवव्या पानावर थकबाकीदारांची नावं होती. त्यात कमिटीचे दोन मेंबर. सभा संध्याकाळी सहाला सुरू झाली आणि साडेदहाला वॉचमनने मेन स्विच बंद केल्यावर संपली. वकीलसाहेबांनी सातवं पान उंच धरून तीनदा वाचून दाखवलं. सेक्रेटरींनी राजीनामा दिला, तो परत घेतला, पुन्हा दिला. या सगळ्या गदारोळात काका उभे राहून विचारत होते, "पण वाचायला त्रास झाला का कुणाला? कुणाला त्रास झाला का?"

त्यानंतर गच्चीचे निम्मे पैसे कंत्राटदाराकडून परत आले.

सेक्रेटरी यथावकाश तेच राहिले, कारण दुसरा कुणी पुढे येईना. पुढच्या वर्षीचा अहवाल त्यांनी परस्पर करून आणला: नऊ पॉइंट, दाबलेलं अक्षर, दोन कॉलम, पाठपोट, वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांत. काका त्या कागदाला हात लावायला तयार नव्हते, त्यामुळे त्यांचाही विरोध नोंदवला गेला नाही. अहवाल पाच मिनिटांत एकमताने मंजूर झाला.